फ्लॉपी उघडली नाही म्हणजे ती खराब झाली असे नव्हे

दिवाळीच्या साफसफाईच्या निमित्ताने बडोद्यातल्या मराठी घरांत एक संदेश फिरतो आहे : "साडेतीन इंची फ्लॉपी कोणत्याही जुन्या संगणकाची असो, यूएसबीने जोडायच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये उघडतेच. विंडोजला जमले नाही तर लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीवर लावा. तिथेही उघडली नाही तर ती खराब झाली, टाकून द्या." दांडिया बाजारातल्या माझ्या ओळखीच्या एका छापखान्याने मॅकिंटॉशवर (अ‍ॅपलच्या संगणकावर) जुळवलेल्या स्मरणिकांच्या फ्लॉप्या याच समजुतीने रद्दीत घातल्या, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिले विधान माप आणि मांडणी यांची गल्लत करते. साडेतीन इंच हे केवळ कवचाचे माप आहे. आतल्या चकतीवर मजकूर कसा लिहायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने ठरवले. पीसीची साधी, कमी क्षमतेची फ्लॉपी दोन्ही बाजूंना ८० ट्रॅक (गोल पट्टे) आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटचे ९ सेक्टर (तुकडे) ठेवते, म्हणून ती ७२० केबीची होते. अमिगा हा कमोडोर कंपनीचा जुना संगणक त्याच चकतीवर, सेक्टरांमधली मोकळी जागा जवळजवळ काढून टाकून, ट्रॅकमागे ११ सेक्टर बसवतो आणि ८८० केबी मिळवतो. मॅकिंटॉशची ८०० केबीची फ्लॉपी तर आणखी वेगळी आहे : तिच्यावरची सांकेतिक लिपीच निराळी, आणि बाहेरच्या ट्रॅकवर १२ तर आतल्यांवर ८ सेक्टर मावावेत म्हणून मॅकचा ड्राइव्ह चकती फिरवण्याचा वेग बदलत राहतो. अटारी एसटी या आणखी एका जुन्या संगणकाच्या बऱ्याचशा फ्लॉप्या आणि मॅकच्याच नंतरच्या १.४४ एमबीच्या फ्लॉप्या पीसीच्या ड्राइव्हला वाचता येतात, हे मान्य करायला हवे. बहुधा त्याच अनुभवावरून हा संदेश लिहिला गेला असावा.

लिनक्सचा उपाय वरवर पटण्याजोगा आहे, कारण अमिगाची आणि मॅकची फाइल-व्यवस्था (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) लिनक्सला खरोखरच कळते. परंतु अडचण त्याच्या कितीतरी आधी येते. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमधला कंट्रोलर, म्हणजे चकती वाचणारी नियंत्रक चिप, आपल्या ओळखीचेच सेक्टर शोधतो आणि ते सापडले नाहीत तर संगणकाकडे काहीच पाठवत नाही. जे हाती आलेच नाही, त्याचा अर्थ लिनक्स तरी कसा लावणार?

त्यामुळे 'खराब झाली' हा निष्कर्ष निराधार ठरतो. बुरशी आणि ओल यांनी फ्लॉप्या खराब होतात हे खरेच, पण न ओळखलेली फ्लॉपी आणि बिघडलेली फ्लॉपी यांच्यासाठी विंडोज बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारते : फॉरमॅट करायची का? त्याला 'हो' म्हटले, तर शाबूत मजकूरही पुसला जाऊ शकतो.

क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझलसारखी उपकरणे सेक्टर न शोधता चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतात, आणि अर्थ नंतर संगणकावर लावला जातो. पीसीच्या साध्या अंतर्गत ड्राइव्हला ती जोडली की अमिगाच्या आणि मॅकच्या ८०० केबीच्या फ्लॉप्याही वाचता येतात. तोवर फ्लॉप्या कोरड्या जागी ठेवाव्यात आणि कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचे मात्र उलट आहे : तिची कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते.