आमच्याकडे ताटातलं देत नाहीत

घरात मांजर आणलंत? छान. आता पहिल्याच रात्री सगळ्यांना हॉलमध्ये बसवा आणि नियम जाहीर करा: ताटातलं काहीही द्यायचं नाही. आवाज खणखणीत लावा. हे वाक्य पुढची कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर म्हणायचं आहे आणि त्या वेळी तुमच्या डाव्या हातात बांगड्याचा तुकडा असणार आहे.

डावाच हात वापरा. उजव्याने आपण जेवतो. डावा इतकी वर्षं मांडीवर नुसता पडून असायचा, त्याला एकदाचं काम मिळेल. तुकडा टेबलाखाली न्यायचा, नजर समोरच्या बातम्यांवर ठेवायची आणि तेवढ्यात महागाईवर काहीतरी बोलायचं. खाली पाट मांडून जेवणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण तिथे सगळा कारभार उघड्यावर. अशांनी चित्राहुतीचा आधार घ्यावा. ताटाच्या उजवीकडे चार शितं ठेवणं ही आपली जुनीच रीत. आमचे बाबा जाणते झाल्यापासून चित्राहुती घालतात, पण अलीकडे सोमवार सोडून इतर वारी त्या शितांशेजारी काटा काढलेला पापलेटाचा तुकडाही असतो. घरात कुणी काही बोलत नाही. धर्माची बाब आहे.

आता मांजराची बाजू. सुरुवातीला ते म्याव म्याव करील. मोठी मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करत नाहीत. ती बोली त्यांनी माणसांसाठी राखून ठेवलेली असते, जशी आपली साहेबांशी बोलायची एक वेगळी मराठी असते. तुम्ही चार दिवस दाद दिली नाहीत, तर ते पुढचं अस्त्र काढेल. पायाला गाल घासून घरघर करायला लागेल. ही घरघर साधी नव्हे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं की काही मांजरं खायला मागताना घरघरीत एक उंच रडका सूर मिसळतात, तान्ह्या बाळाच्या रडण्याशी जुळणारा. ज्यांनी जन्मात मांजर पाळलं नव्हतं, त्यांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला. तेव्हा तुम्ही विरघळलात तर दोष तुमचा नाही. ससेक्सचा दाखला पाठ करून ठेवा, रंगेहाथ सापडल्यावर कामाला येतो. माझ्या तो दोनदा आलाय. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, ‘ते विद्यापीठ घेऊन झोपा हॉलमध्ये.’

काय द्यावं, यावर प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतोच. आमच्याकडे आई आहे. तिच्या मते मांजर म्हणजे दूधभात. आपल्या म्हणीतलं मांजरही डोळे मिटून दूधच पितं, पण पुढे काय होतं ते म्हणीत दिलेलं नाही. वाढत्या वयाबरोबर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते. मग डोळे उघडायची पाळी घरच्यांवर येते, पहाटे, पायपुसण्यापाशी. असं झालं की आईकडे जाऊन काही सिद्ध करायला बघू नका. ‘आमच्या माहेरी दहा मांजरं होती’ यापुढे कुठलंही शास्त्र टिकलेलं नाही.

धाकटी त्याला श्रीखंडाचं बोट चाटवते, ‘त्याला गोड आवडतं’ म्हणून. खरं तर मांजराला गोडाची चवच कळत नाही. गोडी ओळखायला लागणारं एक जनुक त्याच्यात मोडकं आहे, हे २००५ सालीच उघड झालंय. ते येतं चक्क्यातल्या स्निग्धाच्या वासावर. पण हे तिला सांगू नका. बोट गेलं तर तुमच्या ताटाशेजारची जागा त्याला मोकळी होईल.

एक गोष्ट मात्र थट्टेत सांगत नाही. कांदा-लसूण मांजराला विषासारखे आहेत. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि शिजवल्याने फरक पडत नाही. शिजलेली हाडं घशात अडकतात ती वेगळीच. म्हणून वाटणातला तुकडा कितीही प्रेमाने दिला तरी तो देऊ नये.

यावर आमच्याकडे तोडगा निघाला. मासे साफ करतानाच एक तुकडा मीठमसाल्याविना उकडून, काटे काढून वेगळा ठेवायचा, खास बाळ्यासाठी. बाळ्या म्हणजे आमचा बोका. विळीवर पहिली खवली उडायच्या आत तो पलंगाखालून ओट्यापाशी पोचलेला असतो. हा तुकडा अधिकृत. तो ताटातला नाही, त्यामुळे नियमही शाबूत. व्यवस्था इतकी सोयीची निघाली की एका शुक्रवारी फ्रीजमध्ये असे चार डबे सापडले. चारही घट्ट झाकणाचे, प्रत्येकात एकेक उकडलेला तुकडा, आणि घरात नियम मोडणारं कुणीही नाही. त्या दिवशी माणसांच्या वाट्याला नुसती आमटी आली. बाळ्या सोफ्यावर पाय चाटत बसला होता. चारपैकी एकाही डब्याची चुगली त्याने केली नाही. असा गुप्तहेर पदरी असेल तर माणसाने आणखी काय मागावं?

राहता राहिला दवाखाना. तिथे सगळ्या कुटुंबाने मिळून जाऊ नये, ही माझी कळकळीची सूचना. आम्ही गेलो. लसीच्या आधी डॉक्टरांनी बाळ्याला काट्यावर ठेवलं. सहा किलो आठशे. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा ठेवलं. काटा शब्दाचा पक्का निघाला.

‘खायला काय देता?’

‘कोरडं खाणं, मोजून,’ मी म्हणालो. ‘आमच्याकडे ताटातलं देत नाहीत.’

आईने मान डोलावली, बायकोने डोलावली. धाकटी भिंतीवरचा जंतांचा तक्ता फार लक्ष देऊन वाचायला लागली. डॉक्टर काहीच बोलेनात. अशा शांततेत आपण गप्प राहायचं असतं, पण बाबांना ती कधीच सोसत नाही.

‘उंदीर खात असेल हो बाहेर,’ ते म्हणाले.

उंदराला मांजर साक्ष ऐकलं होतं. इथे मांजरासाठी उंदीर उभा केला, आणि तोही हजर नसलेला. आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि तीन वर्षांत बाळ्या उंबऱ्याबाहेर पडला तो फक्त या दवाखान्यात यायला. हे सगळं डॉक्टरांच्या फायलीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

त्यांनी ते पान शांतपणे वाचलं, बाबांकडे एकदा पाहिलं, ‘आहार’ या रकान्यात ‘उंदीर’ असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.