नवं ब्लेड आणलंय का?

परवा रात्री साडेअकराला मामेबहिणीचा मेसेज आला. तिला नववा लागलाय, त्यामुळे फोन वाजला तशी मी ताडकन उठून बसले. म्हटलं, कळा सुरू झाल्या वाटतं. मेसेज वेगळाच होता. ‘ताई, एक विचारू का? हसू नकोस हं. ते खालचं सगळं करून जावं लागतं का गं? मला तर पोटामुळे काही दिसतच नाहीये.’ आणि शेवटी तोंडावर हात धरलेलं माकड.

हसले नाही. बाळंतपणाला दवाखान्यात जाण्याआधी खालचे केस काढून जावं लागतं का, असं ती विचारत होती. पाच वर्षांपूर्वी हेच मी रात्री दोन वाजता, मोबाईलचा उजेड कमी करून, शेजारी झोपलेल्या आईला दिसू नये म्हणून पांघरुणात तोंड घालून शोधत होते. बाळाचं वजन, बीपी, नाळेचा वेढा, असलं सगळं डॉक्टर मॅडमना बेधडक विचारायचे. हा एक प्रश्न मात्र घशातच राहायचा.

तिला जे लिहिलं तेच इथं जरा ऐसपैस लिहिते, कारण तिच्यासारख्या अजून दहाजणी गप्प बसल्या असणार. पुरुषांनी वाचलं तरी चालेल. बहुतेक वेळा रेझर त्यांचंच असतं.

तर माझं पहिलं बाळंतपण. सांगलीला माहेरी गेलेले. सदतिसावा आठवडा. दवाखान्यात न्यायची पिशवी भरून झाली होती: लंगोट, दुपटी, टोपडी, दोन सुती गाऊन, फाइल. आता राहिलं ते ‘हे’. एका दुपारी आई झोपल्यावर बाथरूममध्ये शिरले. प्लास्टिकचा स्टूल, बाबांचा दाढीचा आरसा बादलीला टेकवून ठेवलेला, हातात नवऱ्याचं रेझर. गरम पाण्यानं आरसा दोन मिनिटांत धुरकट. पुसायला वाकायचं तर पोट आडवं. शेवटी आरशाचा नाद सोडला आणि हाताच्या अंदाजानं आंधळी कोशिंबीर सुरू केली. दोन ठिकाणी कापलं. रक्त बघून घाबरले आणि समोर दिसली ती बाबांची तुरटी फिरवली. तो क्षण मी शब्दांत मांडणार नाही.

पुढची अडचण म्हणजे स्टूलवरून उठताच येईना. अर्धा तास तशीच बसून राहिले. मग आईला हाक मारली. ती आली, सगळा पसारा बघितला, काही बोलली नाही. मला काखेत हात घालून उठवलं, टॉवेल दिला आणि म्हणाली, ‘मला सांगायचंस की गं. तुला न्हाऊ घातलंय मी.’ मला मात्र आईसमोर उघडं उभं राहण्याचीही लाज वाटत होती, आणि नऊ दिवसांनी अनोळखी सहाजणांसमोर पाय फाकवून झोपायचं होतं.

त्या नऊ दिवसांत केसांचे खुंट आले. उन्हाळा, घाम, मांडीला मांडी घासते, त्यात ती खाज. लेबर रूममध्ये टेबलावर चढले तेव्हा तिथल्या आयाबाई, म्हणजे मावशी, म्हणाल्या, ‘हे असलं अर्धवट कशाला करून आलीस? नवं ब्लेड आणलंय का?’ पिशवीतून ब्लेड निघालं (यादीत लिहिलंच होतं) आणि त्यांनी साबण नाही, पाणी नाही, कोरडंच ओढायला घेतलं. मधे कळ आली की ‘हलू नको’. कळ थांबवता येते का हो?

पण माझं सोडा. शेजारच्या टेबलावर एक बाई होती. ऊसतोडीच्या टोळीतली, तिसरं बाळंतपण. मधे पडदा होता, म्हणजे पडद्याचा दांडा होता, पडदा धुवायला गेलेला. तिनं काहीच ‘करून’ आणलेलं नव्हतं. कुठून आणणार? पालात बाथरूमच नाही तर आरसा आणि स्टूल कुठला? तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते मी अजून विसरले नाही. ‘काय हे जंगल. धुता तरी का?’ आणि ती कळवळून ओरडली तेव्हा ते ठरलेलं वाक्य आलंच, ‘तेव्हा नाही का वाटली लाज?’ मी शिकलेली, माझ्या नवऱ्याची ओळख निघालेली, म्हणून मला ‘अर्धवट’वर सोडलं होतं. तिला काही सोडलं नाही.

म्हणून ‘अगं, डॉक्टर बघत नाहीत, त्यांचं रोजचंच काम आहे’ हे सांत्वन मला अर्धंच खरं वाटतं. डॉक्टर खरंच बघत नाहीत. माझ्या मॅडमना विचारलं असतं तर त्यांना माझ्या टाचा भेगाळलेल्या होत्या की नाही हेही सांगता आलं नसतं. पण टेबलाशी पहिली येते ती मावशी, ब्लेड तिच्या हातात, आणि बोलते ती. तिच्यावरही सगळा राग काढून भागत नाही. कंत्राटी पगार, रात्रपाळी, एका टेबलाचं रक्त पुसून होतंय तोवर दुसरं. तिला कुणीतरी शिकवलंय की हे करायचं असतं. ज्यांनी शिकवलं त्यांनाही कधीतरी कुणीतरी तसंच शिकवलं होतं.

आणि ते शिकवलेलं चूक आहे, हा माझा मुद्दा.

हे भादरणं रुळलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पाश्चात्त्य देशांत बाळंतपणं घरातून दवाखान्यात जायला लागली तेव्हा. बाळंतज्वरानं बायका जात होत्या, अँटिबायोटिक्स आलेली नव्हती, आणि केसांत जंतू असतात, ते काढले की ताप टळेल असा हिशेब होता. टाके घालायलाही बरं पडतं. हिशेब वाईट नव्हता, फक्त तो बरोबर आला नाही. १९२२ मध्येच अमेरिकेत जॉन्स्टन आणि सिडॉल या डॉक्टरांनी ३८९ बायकांमध्ये हे पडताळून पाहिलं होतं. केस काढलेल्या आणि न काढलेल्या बायकांना ताप येण्यात फरक पडला नाही. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असे तीन अभ्यास एकत्र तपासले, मिळून १०३९ बायका. केस काढल्यानं फायदा होतो असं काही निघालं नाही. निघाली ती लाली, ओरखडे, आग आणि नंतरची खाज. वस्तऱ्यानं डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तिथंच जागा मिळते. म्हणजे मी रेझर फिरवून जे शहाणपण केलं ते नेमकं उलटं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ सालीच सरसकट केस भादरणं आणि सरसकट एनिमा देणं (पोट साफ व्हावं म्हणून मागून औषध सोडणं) या दोन्ही गोष्टी बंद करायच्या यादीत टाकल्या. २०१८ च्या मार्गदर्शनात पुन्हा तेच सांगितलं. आणि आमच्या यादीत आंघोळीच्या साबणाच्या खाली अजून ‘नवं ब्लेड १’.

सिझर होणार असेल तर? तिथं चीर जाते ती ओटीपोटावर, त्यामुळे वरचेच थोडे केस आडवे येतात. ते काढायचेच झाले तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं कापायचे, ब्लेड नको, असं जागतिक आरोग्य संघटनेच्याच शस्त्रक्रियांसाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शनात आहे. तेही दवाखान्यातच करतात, तुम्हाला घरी कसरत करायची गरज नाही.

उगाच कुणी म्हणू नका की मी केस ठेवण्याची चळवळ काढतेय. ज्यांना आवडतं, सवय आहे, मोकळं वाटतं, त्यांनी खुशाल काढावेत. लांब वाटत असतील तर कात्रीनं थोडे कमी करा, तेही जमत नसेल तर राहू द्या. फक्त शेवटच्या आठवड्यात ब्लेड घेऊन आंधळी कोशिंबीर खेळू नका. वॅक्सिंगला जाणार असाल तर या दिवसांत तिथली कातडी जास्त हुळहुळी झालेली असते एवढं लक्षात ठेवा. आमच्या भागातल्या पार्लरवाल्या ताईंनी आता ‘डिलिव्हरीच्या आधीचं पॅकेज’ काढलंय. त्यात पाय, काखा, खालचं, फेशियल, आणि वर नेलपॉलिश. गंमत बघा, त्यातलं नेलपॉलिश तेवढं दवाखान्यात गेल्यावर पुसायला लावतात, आणि त्याला खरंच कारण आहे. बोटाला जो ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात तो गडद रंगामुळे चुकू शकतो, शिवाय नखं निळी पडतायत का तेही बघायचं असतं.

बहिणीचा पुढचा मेसेज लगेच आला. ‘आणि काखा? मान? किती काळं झालंय सगळं, डॉक्टरांना वाटेल घासतच नाही.’ हे घासून जाणारं नाही गं. हार्मोन्समुळे कातडीचा रंग गडद होतो, पोटावर बेंबीवरून ती उभी काळी रेघ येते तीही त्यातलीच. मी काखेत लिंबू, बेसन, दही सगळं फासून बसले होते. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी रंग आपोआप उतरत गेला.

तिसरा मेसेज यायला वेळ लागला. तोच खरा होता. ‘आणि जोर लावताना शी झाली तर?’

झाली तर झाली. बाळाचं डोकं खाली येताना मागच्या बाजूला दाबतं, आत जे असेल ते बाहेर पडतं. कितीतरी जणींचं होतं, सिस्टर कापडानं पुसून टाकते आणि बहुतेकींना कळतही नाही. खरं तर तसं होणं म्हणजे जोर योग्य जागी लागतोय. पण या भीतीपोटी बायका जोर आवरून धरतात, दातओठ खातात. लाजेची किंमत तिथं मोजावी लागते. केसांचं हसण्यावारी नेता येईल, हे नाही. ज्या बाईला ‘धुता तरी का’ असं ऐकवलं, ती पुढच्या खेपेला पोटात दुखलं तरी तपासायला जाईल का, याचा मी बरेचदा विचार करते. अंगावर पांढरं जातंय, खाज येतेय, जागा खाली आल्यासारखी वाटतेय, हे वर्षानुवर्षं अंगावर काढणाऱ्या बायका आपल्या घराघरांत आहेत. माझी एक मावशी पंधरा वर्षं काढत होती.

आईला नंतर विचारलं, तुझ्या वेळी काय होतं? ती म्हणाली, सरकारी दवाखाना होता, एनिमा, ब्लेड, सगळं झालं, आणि बारा तास पाणीसुद्धा दिलं नाही. आम्ही विचारलंच नाही, तिचं हे पालुपद. आजीचं मात्र ऐकण्यासारखं. आजीची सहाही बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. तिला केसांचं विचारलं तर तिला प्रश्नच कळेना. कळल्यावर इतकी हसली की कवळी सावरावी लागली. ‘अगं, ब्लेड नाळ कापायला असायचं. माझे केस कुठं बघत बसतीया ती? तिला बाळाचे केस दिसले की झालं.’

सुईणीच्या काळात परत जा, असं नाही म्हणत मी. त्या सहातली दोन राहिली नाहीत. दवाखान्यातच जायचं. पण दवाखान्यानं लाज राखायचीही असते, आणि त्याला फार पैसा लागत नाही. २०१७ साली केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला तो लेबर रूम सुधारण्यासाठीच. पडदा, खाजगीपण, बाईशी नीट वागणं, सगळं त्यात आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू शकते, हेही २०१६ पासून मान्य केलेलं आहे. बहिणीला म्हटलं, पुढच्या तपासणीला गेलीस की मॅडमना तीन गोष्टी विचार: केस काढावेच लागतात का, एनिमा देता का, आणि माझ्याबरोबर आत कुणाला थांबता येईल. तोंडानं जमत नसेल तर कागदावर लिहून दे.

दुसऱ्या वेळी मी तेच केलं होतं. पुण्यात, गेल्या वर्षी. मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘नको हो, आम्ही कधीच बंद केलंय. विचारत कुणी नाही, आणि सगळ्या ओरखडे घेऊन येतात.’ लेबर रूममध्ये कोवळ्या वयाची सिस्टर होती. दर वेळी आधी पडदा ओढायची, मांडीवर चादर टाकायची आणि विचारायची, ‘ताई, तपासू का? कळ जाऊ दे, मग बघते.’ एवढंच. त्या ‘तपासू का’ला मला रडू आलं, आणि तिला वाटलं खूप दुखतंय.

मुलगी झाली. कपाळावर, कानांवर, पाठीवर मऊ काळी लव. ती काही आठवड्यांत गळून जाते, मुलाच्याही होती, तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. दहाव्या दिवशी मालीशवाल्या मावशी आल्या, तिला पायांवर घेतलं, उलटी केली आणि म्हणाल्या, ‘लव फार आहे हो पोरीला. आत्तापासून काढायला पाहिजे, नाहीतर पुढं जड जाईल. पीठ भिजवा जरा.’ आई सवयीनं उठलीसुद्धा, वाटीत हरभऱ्याचं पीठ, हळद, दूध घेऊन आली. लव घासून काढायची गोळी तयार.

मी वाटी घेतली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. संध्याकाळी त्याच पिठाचं धिरडं केलं. दुधामुळे जरा गोडसर लागलं.