करंगळीखालचं बटण

सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीबद्दल नम्र विनंती लिहीत होतो. इंग्रजीत. चार ओळींनंतर मान वर केली तर पहिल्या ओळीपासून सगळं कॅपिटलमध्ये. नम्र विनंती सेक्रेटरींवर खेकसत होती. 'ए' दाबायला निघालेली करंगळी कॅप्स लॉकवर पडली होती.

हे बटण मूळचं टाइपरायटरच्या घराण्यातलं. तिथे शिफ्ट धरून ठेवायची म्हणजे यंत्राचा जड भाग करंगळीवर तोलायचा, म्हणून तिला अडकवून ठेवणारा खटका दिला. यंत्र गेलं, खटका राहिला, तोही 'ए'ला खेटून, चौकातल्या दुकानासारखा. बरं, माझं निम्मं लिखाण मराठीत, आणि मराठीला कॅपिटल अक्षरंच नाहीत. मोठा 'क' आणि लहान 'क' फक्त पहिलीतल्या पोराच्या वहीत सापडतात.

तेव्हा ठरवलं, हे बटण दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या प्रणालीत हे एका ओळीचं काम. टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडायची, 'सेटएक्सकेबीमॅप' ही कीबोर्ड बदलायची आज्ञा लिहायची, पुढे '-ऑप्शन जीआरपी:कॅप्स_टॉगल'. पण त्याआधी हौसेनं मी कॅप्सला एस्केप बटणाचं काम देऊन पाहिलं होतं, मग कंट्रोलचं. ही आज्ञा जुना पर्याय काढत नाही, नवा त्याच्या शेजारी आणून बसवते, हे नंतर कळलं. एका खोलीत तीन भाडेकरू. ऑप्शनपुढे नुसती रिकामी अवतरणचिन्हं दिली, तेव्हा सगळे बाहेर पडले. मग टॉगलला एकट्याला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला, तर कॅप्स लॉक पुन्हा माहेरी. ती ओळ त्या सेशनपुरतीच असते. कायमचा बंदोबस्त 'ईटीसी' फोल्डरातल्या 'डिफॉल्ट'मधल्या 'कीबोर्ड' या फाइलीत. मालकाचे अधिकार देणाऱ्या सुडोचा हात धरून तिथे दोन्ही भाषा आणि टॉगल लिहिलं, रीस्टार्ट केलं आणि चहा घेऊन आलो.

पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला, चुकला. तिसऱ्यांदा एकेका बोटानं टाकला, तोही चुकला. करंगळी सवयीनं वाट चुकली होती आणि मी देवनागरीत पासवर्ड ठोकत होतो. पडद्यावरचे काळे ठिपके कुठल्या लिपीतले, हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. चहावर साय आली तेव्हा ट्यूब पेटली. आत शिरल्याबरोबर त्याच फाइलीत 'जीआरपी_एलईडी:कॅप्स' जोडलं. आता मराठी चालू असली की कॅप्सचा दिवा लागतो.

मी खूश होतो, रविवारपर्यंत.

रविवारी बायको कसलासा फॉर्म भरायला बसली. कॅपिटलमध्येच भरा, अशी तंबी होती. तिनं कॅप्स लॉक दाबला आणि गावाच्या रकान्यात पुणे टाइप केलं. उमटलं 'जहला'. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या हिशेबानं अगदी बरोबर आणि पुण्याच्या स्वभावालाही फारसं सोडून नाही, हे मी मनातच ठेवलं.

"अरे, याला काय केलंयस तू?"

मी समजावून सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, हे तिचं मोठेपण. "म्हणजे मला कॅपिटल हवं असेल तर मी काय करायचं?"

फाइलीत आणखी एक शब्द वाढवला: 'शिफ्ट:बोथ_कॅप्सलॉक'. आता ती दोन्ही हातांनी दोन्ही शिफ्ट एकदम दाबते, हार्मोनियमवर सूर धरल्यासारखी, आणि दर वेळी माझ्याकडे बघते. दिवा लागत नाही. तो आता मराठीचा आहे.