सॅमन मासेमारीच्या सहलीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपण लिहिले आहे की, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्यामार्फत कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर कॅम्पबेल रिव्हर येथे तीन दिवस सॅमनच्या मासेमारीसाठी गेलात, तेव्हा गळाला लागलेले दोन्ही मासे बोटीवरच्या गाइडने परत समुद्रात सोडायला लावले; रोज पहाटे साडेचारला उठवून नऊच्या सुमारास किनाऱ्यावर आणले; आणि आमच्या माहितीपत्रकावर वल्ह्याच्या होडीचे व भल्यामोठ्या माशाचे जे छायाचित्र आहे, तसले काहीही तेथे नव्हते. यास आपण फसवणूक म्हटले आहे. हा शब्द मला लागला, परंतु आपल्या तक्रारीतील एक भाग पूर्णपणे खरा आहे आणि तो मी खाली मान्य करणार आहे.

आधी सोडलेल्या माशांविषयी लिहितो, कारण आपला राग मुख्यतः त्यावरच आहे. पहिला मासा चिनूक, म्हणजे सॅमनची एक मोठी जात, होता. फ्रेझर नदीत वसंतात व उन्हाळ्याच्या आरंभी चढणाऱ्या चिनूकांची संख्या फार घटल्यामुळे २०१९ पासून तेथील मत्स्यव्यवसाय खात्याने ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यावरील बहुतेक भागांत वसंतापासून जुलैच्या मध्यापर्यंत चिनूक ठेवून घेण्यास मनाई केली आहे, आणि आपण होता त्या पट्ट्यात ती लागू होती. समुद्रात अनेक नद्यांचे मासे एकत्र फिरतात. गळाला लागलेला चिनूक कोणत्या नदीचा हे बोटीवरून पाहून कोणालाही सांगता येत नाही, म्हणून तो ठेवूनच घ्यायचा नाही असा नियम आहे.

दुसऱ्या दिवशीच्या माशाच्या शेपटीजवळ गाइडने बोट फिरवले आणि मान हलवली, असे आपण लिहिले आहे. तो कोहो, म्हणजे सॅमनचीच दुसरी जात, होता. सॅमनच्या पाठीवरील मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, नखाएवढा एक मऊ मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्ले सोडण्यापूर्वी त्यांतील बऱ्याच पिल्लांचा हा पर कापतात, आणि अनेक भागांत पर कापलेलाच कोहो घरी नेता येतो. आपल्या माशाचा पर शाबूत होता, म्हणजे तो नैसर्गिक पैदाशीचा समजला गेला. तेथे सॅमनसाठी उलटा काटा नसलेलाच गळ वापरावा लागतो. मासा पाण्याबाहेर न काढता पकडीने गळाला एक पीळ दिला की तो सुटतो. आपल्याला तो हातात धरून छायाचित्र काढू दिले नाही, हेही त्यामुळेच. गाइडने आपल्याशी अधिक शब्द बोलायला हवे होते, हे मात्र मला पटते.

वेळेबद्दलही थोडे सांगतो. कॅम्पबेल रिव्हरसमोरच्या डिस्कव्हरी पॅसेजमध्ये भरती-ओहोटीचा ओघ विलक्षण असतो. उत्तरेच्या सेमूर नॅरोजमध्ये तो १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटरपर्यंत जातो. ओघ मंदावलेला असतो त्या अवधीत गळ हव्या त्या खोलीवर टिकतो. गाइडने आपल्या सोयीची नव्हे, पाण्याची वेळ पाळली.

मॉलमध्ये सॅमन बारा महिने मिळतो, मग हंगामाचे कारण कशाला, असेही आपण विचारले आहे. नाशिकला मिळणारा सॅमन बहुतांशी नॉर्वेसारख्या देशांत समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला अटलांटिक सॅमन असतो. (आपल्याकडच्या रावसाला इंग्रजीत सॅमन म्हणतात खरे, पण तो अगदी वेगळ्या कुळातला.) पॅसिफिकमधील सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो, अंडी घालण्यासाठी त्याच नदीकडे परततो आणि तेथेच मरतो. किनाऱ्यावर आपण गाठतो ती ही परतीची वाट, आणि प्रत्येक जातीची, प्रत्येक नदीची तिथी निराळी. आपण द्राक्ष बागायतदार असल्याचे आपणच लिहिले आहे, म्हणून हे आपल्याला सहज पटेल: बागलाणातली लवकर येणारी अगाप द्राक्षे आणि निफाडची द्राक्षे एकाच वेळी बाजारात येत नाहीत. उत्तरेला हैडा ग्वाई बेटांपाशी चिनूक जून-जुलैत जोरात असतो. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेला युक्लुलेट व बार्कली साउंड येथे ऑगस्ट उत्तम, कारण पोर्ट अल्बर्नीच्या सोमास नदीकडे निघालेले चिनूक तेव्हा किनाऱ्याला लागतात. कोहो ऑगस्ट-सप्टेंबरात भरात येतो, चम ही जात शरदात. फ्रेझरच्या पिंक सॅमनची मोठी झुंड विषम वर्षीच येते, आणि त्याच नदीच्या सॉकायचा मोठा हंगाम चार वर्षांनी एकदा; २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ ही त्याची वर्षे.

आता आमची चूक. आपली मूळ नोंदणी ऑगस्टची, युक्लुलेटसाठी होती. मुलाच्या रजेमुळे आपण ती जूनवर आणली आणि ठिकाणही बदलायला सांगितले, तेव्हा आमच्या कार्यालयाने हॉटेल आणि बोट बदलून दिली, पण तारखेबरोबर मासाही बदलतो हे आपल्याला कोणी सांगितले नाही. जूनमध्ये तेथे चिनूक घरी नेता येणार नाही, ही एक ओळ लेखी द्यायला हवी होती. त्याहून मला अधिक खटकते ते असे की, जूनचा उत्तरार्ध व जुलै हा पोर्ट अल्बर्नीच्या खाडीत, अल्बर्नी इनलेटमध्ये, सॉकायचा काळ असतो, आणि परतणाऱ्या माशांच्या मोजणीत मासे पुरेसे भरले तर तो ठेवूनही घेता येतो. आपल्या मुलाचे घर नानायमोला आहे. तेथून कॅम्पबेल रिव्हर सुमारे १५० किलोमीटर, तर पोर्ट अल्बर्नी जेमतेम ८०. हा पर्याय आपल्यापुढे ठेवणे आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नाही.

छायाचित्राबाबतही आपले म्हणणे रास्त आहे. ते कॅम्पबेल रिव्हरच्याच ‘टायी पूल’ नावाच्या पाण्याच्या पट्ट्याचे आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या टायी क्लबच्या रिवाजाप्रमाणे तेथे मोटार न लावता वल्ह्याच्या होडीतून, हलक्या दोरीवर, ३० पौंडांहून, म्हणजे साडेतेरा किलोंहून मोठा चिनूक पकडायचा असतो. पण त्यांचा हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर एवढाच. छायाचित्राखाली महिना न छापणे ही दिशाभूलच झाली, मग हेतू काहीही असो. ते माहितीपत्रक आम्ही मागे घेतले आहे. नव्या पत्रकात प्रत्येक ठिकाणापुढे महिना, जात आणि मासा ठेवता येतो की सोडावा लागतो, हे लिहिले जाईल, आणि तारीख बदलणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला ती माहिती पैसे घेण्यापूर्वी लेखी मिळेल.

बोटीचे भाडे व परवान्याचे शुल्क तेथे जमा झालेले असल्याने ते परत मिळवणे माझ्या हातात नाही. आमचे संपूर्ण सेवाशुल्क मात्र मी परत करीत आहे. धनादेश आपल्या नावे तयार आहे, तो मी स्वतः घरी आणून देईन किंवा आपण गंगापूर रोडवरील कार्यालयातून घ्यावा. पुन्हा जाण्याचा विचार असल्यास ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आपल्याला सुचवतो. बार्कली साउंडमध्ये तेव्हा चिनूक असतो, आणि फळांसाठीची गोडी छाटणी सुरू होण्याआधी आपण बागेत परतलेले असाल. त्या सहलीसाठी आम्ही सेवाशुल्क घेणार नाही. व्हिसाला वेळ लागतो, तेवढे मात्र फेब्रुवारीपर्यंत कळवावे.

आपला नम्र,
संचालक, नाशिक