आधी खोली रिकामी कर

आज सकाळी एका मैत्रिणीचा फोन आला. रडत होती. घरात कुणाचं काही बरंवाईट झालं की काय, म्हणून माझ्या पोटात गोळाच आला. तर झालं होतं असं, की घर जरा बरं दिसावं म्हणून तिने एका इंटिरियरवाल्याला बोलावलं होतं. तो दहा मिनिटं टेप घेऊन घरभर फिरला आणि म्हणाला, "मॅडम, यात ठेवण्यासारखं काहीच नाही. सगळं काढावं लागेल." बावीस वर्षांचा संसार, आणि एक परका माणूस तिच्याच घरात उभा राहून तिला हे सांगून गेला. ती आता कर्ज काढायचं म्हणतेय.

दुपारपासून डोकं तापलंय माझं. म्हणून लिहायला बसलेय.

ठेवण्यासारखं काहीच नाही? त्या घरात तिच्या सासऱ्यांनी करून घेतलेलं अस्सल लाकडाचं कपाट आहे. त्याचं दार आजही जराही न कुरकुरता लागतं. मुठी तेवढ्या गंजल्यात. मग मुठी बदलायच्या का कपाट? जुन्या मुठीच्या दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं, बहुतेक वेळा ते ९६ नाहीतर १२८ मिलिमीटर भरतं. त्याच मापाच्या नव्या मुठी आणायच्या आणि स्क्रू ड्रायव्हरने बसवायच्या. तासाभराचं काम आहे. पण हे सांगून त्या माणसाचं पोट कसं भरणार!

माझी स्वतःची गोष्ट सांगते. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो तेव्हा नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती आणि मुलगी दीड वर्षाची होती. आतली खोली इतकी अंधारी आणि कोंदट, की संध्याकाळ झाली की मी मुलीला घेऊन दारातच बसायचे. आत पाऊल टाकायला नको वाटायचं. आई चार दिवस राहायला आली. पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचला आणि म्हणाली, "आधी खोली रिकामी कर."

पलंग, कपाट, ट्रंका, पुठ्ठ्याची खोकी, सगळं आम्ही दोघींनी बाहेर ओढलं. मला वाटलं आता ती झाडू मागेल. तर ती भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि मलाही बसवलं. म्हणाली, "उजेड कुठून येतो ते बघ. मग ठरव कुठे काय ठेवायचं." साधारण दहाच्या सुमाराला डाव्या भिंतीवर उन्हाचा चौकोन पडला. तिथेच आमचं कपाट होतं, अर्धी खिडकी अडवून. तीन महिने मी त्या खोलीला अंधारी म्हणत होते. मग आईने खिडकीच्या काचा आतून-बाहेरून धुतल्या. पहिल्या बादलीतलं पाणी काळं झालं होतं.

एक पैसा खर्च झाला नव्हता हो. मला आत्ता लिहितानाही भरून येतंय.

आणि लोक सुरुवात कुठून करतात? रंगापासून. दुकानातल्या बोटभर चिठ्ठीवर बघून अख्ख्या घराचा रंग ठरवतात. मोठ्या कागदावर दोन हात मारा, वेगवेगळ्या भिंतींना चिकटवा, सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. तोच रंग एका भिंतीवर राखाडी आणि दुसऱ्या भिंतीवर निळसर दिसतो. रंगच द्यायचा तर एकाच भिंतीला दिला तरी खोली बदलते.

दिव्यांबद्दल तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. घरोघरी त्या पांढऱ्याफटक उजेडात माणसं आजारी दिसतात आणि दोष भिंतींना देतात! बल्बच्या खोक्यावर आकडा असतो, तो वाचा. ६५०० केल्विन म्हणजे पांढरा, निळसर उजेड. २७०० म्हणजे पिवळसर, उबदार. बसायच्या, निजायच्या खोलीत २७०० किंवा ३००० लावा. काम करायच्या जागी हवा तर ४००० ठेवा. ९ वॉटचा एलईडी जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड देतो. आणि छताला एकच दिवा लावण्यापेक्षा कोपऱ्यात खाली एक छोटा दिवा ठेवून बघा. आईने त्या खोलीत दुसरं काय केलं होतं? पिवळा बल्ब टेबलावर ठेवला होता, बस.

बरं, मान्य, सगळंच घरच्या घरी होत नाही. भिंतीला ओल असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं, नाहीतर वर कितीही भारी रंग द्या, पोपडे निघणारच. वायरिंग जुनी असेल तर तिथे जाणकार माणूसच लागतो. आणि फार जुन्या घरातला रंग पॉलिश पेपरने कोरडा घासत बसू नका, त्यात शिसं असू शकतं, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. चांगले इंटिरियरवालेही असतात, तेही मान्य. पण चांगला माणूस आधी विचारतो, तुम्ही घरात बसता कुठे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या माणसाचा नाही फारसा, जास्त राग याचा आला होता की तिला ते खरं वाटलं. आपल्याला दिवसभर फोनवर दुसऱ्यांची घरं दिसतात, कुणाच्या घरात एक वायर लोंबकळत नाही की खुर्चीवर कपडे नाहीत. मग आपलं घर बघून लाज वाटायला लागते. जिथे आपली पोरं चालायला शिकली, त्या घराची लाज!

आई परत गेली त्या संध्याकाळी नवरा मुलाखतीहून आला. तीही नोकरी मिळाली नव्हती. दारात थबकला, आत बघितलं. पलंग खिडकीजवळ, पडद्याचा दांडा चौकटीच्या टीचभर वर सरकवलेला, दोन्ही बाजूंनी खिडकीच्या पुढे गेलेला, म्हणजे पडदे सारले की सगळी काच मोकळी. पडदे जुनेच, धुतलेले. तो काही बोलला नाही. मुलीला उचललं आणि खिडकीपाशी जाऊन बसला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तो आतल्या खोलीत बसला होता.

तर बाई, तू हे वाचतेयस मला माहीत आहे. कर्जाच्या कागदावर अजून सही करू नकोस. रविवारी सकाळी मी येतेय, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि दोन पिवळे बल्ब घेऊन. कपाटाच्या मुठीचं माप तेवढं आज कळव. आणि मी यायच्या आत पुढची खोली रिकामी करून ठेव.