खुलासा: वजनाची पट्टी ओढून ताकद येत नाही

कोल्हापुरातल्या गेमर पोरांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: 'स्कायरिममध्ये वजनाची पट्टी शेवटपर्यंत ओढा, गडी पैलवान होतो, ओझं जास्त उचलतो, पण पळतो हळू.' हे खरं नाही. २०११ च्या त्या व्हिडिओ गेममध्ये आपला गडी घडवताना ओढायची ही पट्टी फक्त त्याचं दिसणं बदलते. ओझ्याची मर्यादा मुळात ३००. लेव्हल वाढताना स्टॅमिना (दम) वाढवायचा निवडला की ती ५ नं वाढते. फॉलआउट ४ या दुसऱ्या गेममध्ये अंगकाठी निवडायचा सडपातळ-पिळदार-जाडा त्रिकोणही दिखाव्याचाच.

गैरसमज बहुधा २००४ च्या जीटीए सॅन अँड्रियास या गेममुळे. तिथं बर्गर हाणले की चरबी चढते, पळणं खरंच मंदावतं, जिममध्ये घाम गाळावा लागतो. अगदी गंगावेस तालमीसारखं! (खुराकात थंडाई मात्र नाही.)