खाचेची किंमत

लेन्स हुड म्हणजे काय, तर बाजूचा उजेड अडवायला लेन्सच्या तोंडावर बसणारं प्लास्टिकचं कडं. आत काच नाही, तार नाही, हलणारा एक भाग नाही. त्यावर मोठ्या कंपनीचं नाव असलं की हजाराच्या पुढे, आणि जेजेसीसारख्या नुसत्या जोडसामान बनवणाऱ्या कंपनीचा तोच आकार घेतला की निम्म्याहूनही कमी. आमच्याकडचा कुणी केळीवाला हे ऐकून पहिला प्रश्न हाच विचारेल, "हाई काय सोनानं शे का भो?"

सोन्याचं नाही. माझं स्पष्ट मत आहे, या बारक्या वस्तूंचा भाव माल-मजुरीवर ठरतच नाही, तो जोडावर ठरतो. जिथलं माप सगळ्या जगाचं एक आहे तिथे वस्तू स्वस्त. जिथे कंपनीनं स्वतःची खाच पाडून ठेवली तिथे ती म्हणेल तो भाव. कॅनन महागड्या एल मालिकेच्या लेन्ससोबत हुड देते, साध्या लेन्सना देत नाही. नव्या पोरांची पहिली हौसेची लेन्स ५० एमएम एफ १.८, तिचासुद्धा हुड वेगळा घ्यायचा. सिग्मा-टॅमरॉनसारखे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांना लेन्स बनवणारे मात्र बहुतेक लेन्सच्या खोक्यातच टाकून देतात. म्हणजे परवडत नाही असा भाग नाही.

आता ही खाच टाळायची कशी? लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला तिरकी रेघ मारलेली खूण असते, तिच्यापुढे ४९, ५२, ५८, ६७, ७७ असा आकडा. हा फिल्टरच्या, म्हणजे लेन्सपुढे लावायच्या काचेच्या, आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. या आट्यांना कंपनी नसते. ५८ ची कॅप कुठल्याही ५८ च्या लेन्सवर बसते. हळदीच्या गोंधळात कॅप हरवली तर ओरिजिनलच्या नादी लागू नका, आकडा सांगा आणि घ्या. त्याच आट्यांत फिरवून बसवायचे रबरी हुडही मिळतात, दोनशे-अडीचशेच्या आसपास. दुमडतात, आपटले तर लेन्सला धक्का कमी बसतो. फक्त १८-५५ सारख्या लेन्सवर १८ ला, म्हणजे सगळ्यात रुंद दिसतं तेव्हा, फोटोचे कोपरे काळे येतात, कारण चौकट आयताकृती आणि हुड गोल. पाकळ्यांचा हुड त्यासाठीच असतो, फॅशन म्हणून नाही. लांबचं टिपणाऱ्या मोठ्या टेली लेन्सवर ही अडचण नाही. हतनूर धरणावर पक्षी टिपायला जाणाऱ्यांनी पीव्हीसी पाइपचा तुकडा आतून मॅट काळा रंगवून लावला तरी बाजूचा उजेड तितकाच अडतो, आणि जळगावात पाइपाला काय तोटा!

फिल्टरचंही तेच. प्रत्येक लेन्सला वेगळा पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घेण्यापेक्षा ७७ चा एकच चांगला घ्या आणि बाकी लेन्सना लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या स्टेप-अप रिंगा लावा. रिंग म्हणजे आटे पाडलेलं कडं, तिला ब्रँड कशाला?

सगळ्यात मजा कॅमेऱ्याच्या बुडाला लावायच्या ट्रायपॉडच्या प्लेटच्या स्क्रूची. तो हरवला की पूर्ण प्लेट विकत घ्यायला लावतात. अहो, तो पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा स्क्रू आहे, जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांना तोच. हार्डवेअरच्या दुकानात "दोन सुती बोल्ट" म्हणा, माणूस डबा पुढे करतो. पण सहा एमएमचा घेऊ नका. दिसायला सारखाच, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. एक-दोन वेढे जातो, मग अडतो, आणि जोर केला की कॅमेऱ्याचे आटे गेले. लांबीही बघून कापून घ्या. कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल असतं.

दुरून फोटो काढायच्या रिमोटमध्ये तर एकाच कंपनीत दोन न्याय. कॅननच्या १५००डी, ८०डी, आर६ यांना २.५ मिलिमीटरचा साधा ऑडिओ जॅक चालतो. त्याचे तीन भाग: बूड म्हणजे ग्राउंड, मधली रिंग फोकस, टोक शटर. ग्राउंडला रिंग टेकवली की फोकस, टोक टेकवलं की क्लिक. रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही दोन बटणं लावून देईल. ५डी आणि आर५ ला मात्र वेगळीच खास पिन, आणि तिथे भाव लगेच चढतो. निकॉन डी५३०० सारख्या इन्फ्रारेडवाल्या (आयआर) कॅमेऱ्यांना तर आयआर असलेला रेडमीचा फोनही ॲप टाकून रिमोट म्हणून चालतो. आणि ग्रुप फोटोपुरतं पाहिजे असेल तर कॅमेऱ्यातला दहा सेकंदांचा टायमर फुकट आहे, तो कुणी वापरतच नाही!

"प्रोफेशनल दिसायला सगळं ओरिजिनल पाहिजे" असं ज्ञान देणाऱ्यांना मी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचं काम बघून या म्हणतो. क्वचितच घराबाहेर पडणारा माणूस टेबलावर साध्या वस्तू मांडून असे देखावे उभे करायचा, की खरा निसर्ग वाटावा.

आता जिथे मी स्वतः कंपनीचंच घेतो ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा नुसता कंजूष आहे. बॅटरी. इथेही खाच कंपनीचीच आणि भाव हजारांत, पण आत लिथियम आहे. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बंद गाडीत बॅग ठेवली तर आतलं विचारूच नका. वर वाट्टेल तेवढे एमएएच छापलेली निनावी बॅटरी अशा उन्हात मी बॅगेत ठेवणार नाही. शिवाय कितीतरी कॅमेरे परक्या बॅटरीत चार्ज किती उरला ते दाखवत नाहीत, आणि ऐन मंगलाष्टकांत ती मान टाकते. मेमरी कार्डही ओळखीच्या दुकानातूनच, बिलासकट. १२८ जीबी छापून आत आठ भरलेली नकली कार्डं बाजारात आहेत, आणि लग्न दुसऱ्यांदा लागत नाही.

जुना फ्लॅश कपाटातून काढणाऱ्यांनीही जपा. फ्लॅशची मधली पिन बहुतेक कॅमेऱ्यांवर सारखी, म्हणून तो बसतो आणि चमकतोही. पण काही जुन्या फ्लॅशच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, आजचे बरेच कॅमेरे तो सोसत नाहीत. मल्टिमीटरवर बघूनच लावा.

बाकी एक विचारायचं होतं. धुळे-अमळनेर भागात लेथवर ॲल्युमिनियमचे बारीक आटे नीट पाडून देणारा कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. ६२ ची एक जुनी लेन्स आहे, तिच्या पुढच्या कड्याला पोचा बसलाय आणि त्यात काहीच फिरत नाही.